पफ पॅनलचा तयार हॉल शाळेला घ्यावा का? सांगाडा घ्या, भिंती परत पाठवा

शिक्षण हक्क कायद्याच्या (2009) परिशिष्टात शाळेच्या इमारतीत काय काय हवं, याची यादी आहे. शिक्षकामागे एक वर्गखोली, कार्यालय-भांडार-मुख्याध्यापक मिळून एक खोली, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, शाळेतच अन्न शिजत असेल तर स्वयंपाकघर, मैदान, कुंपण. सभागृह त्या यादीत नाही. त्यामुळे गाव, माजी विद्यार्थी किंवा एखादी कंपनी पैसे घेऊन पुढे आली, की हॉल कसा हवा हे शाळेत कुणी ठरवत नाही. विक्रेत्याचं माहितीपत्रक ठरवतं. आणि त्या माहितीपत्रकात हल्ली एकच चित्र असतं: पोलादी सांगाडा, पांढऱ्या पफ पॅनलच्या (दोन पातळ पत्र्यांमध्ये पॉलियुरेथेनचा ताठ फोम भरलेल्या तयार तक्त्यांच्या) भिंती, पफ पॅनलचं छप्पर, वर सौर पॅनल, खाली ‘शाश्वत, पर्यावरणपूरक, 45 दिवसांत तयार’.

हे परीक्षण त्या वस्तूचं. कुठल्या एका कंपनीचं नाही, कारण सगळ्यांचे कोटेशन जवळपास एकाच छापाचे असतात. हिशेबासाठी प्राथमिक शाळेला बसणारं माप धरलंय: 12 मीटर बाय 9 मीटर, म्हणजे 108 चौरस मीटर, सरासरी उंची साडेचार मीटर. सतरंजीवर बसवली तर दीडशे मुलं मावतात, पंगतीला सव्वाशेच्या आसपास.

पाचपैकी गुण द्यायचे तर सांगाड्याला 4, छपराला 3 (दुरुस्ती करून घेतली तर 4), भिंतींना 1, खिडक्यांना शून्य. सौर पॅनलला गुण देण्यात अर्थ नाही, ते का ते पुढे येईल.

सांगाडा: इथे विक्रेता खरोखर चांगला

नऊ मीटरच्या गाळ्याला मधे खांब नको, आणि हे काम आरसीसीत करायचं तर मोठे बीम, सेंट्रिंग, महिनाभर क्युरिंग. पोलादी चौकट चार दिवसांत उभी राहते. चार-चार मीटरवर चार चौकटी, सगळे जोड बोल्टचे. शाळा उद्या दुसऱ्या जागेत गेली तर सोडून नेता येतात आणि अगदीच मोडीत काढली तरी पोलादाला भाव येतो. पर्यावरणपूरक म्हणून छापलेल्या सगळ्या गोष्टींत हा एकच मुद्दा निर्विवाद आहे. एवढ्या गाळ्याला निमुळत्या जाड प्लेटच्या चौकटीपेक्षा चौकोनी पाइपांची कैची बहुतेक वेळा हलकी पडते. म्हणून दोन्हींचं वजन किलोत लिहून मागा. चौरस फुटाच्या दरात वजन लपतं.

बिघडतं ते जमिनीत. विक्रेत्याच्या नकाशात सव्वा मीटर खोल साधा फुटिंग (खांबाखालचा काँक्रीटचा पाया) असतो, तोच कोकणातल्या जांभ्याला आणि तोच मराठवाड्यातल्या काळ्या मातीला. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. जड इमारत तिला थोडीफार दाबून ठेवते, हलकी इमारत तिच्यावर होडीसारखी वरखाली होते. म्हणजे इमारत हलकी आहे हा विक्रेत्याचा गुणच इथे दोष ठरतो. खोल काळ्या मातीत ही हालचाल साधारण साडेतीन मीटरपर्यंत जाते. त्यावर उपाय जुना आणि सिद्ध आहे: रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने रुळवलेले अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे तळाशी कांदा असलेले खांब. कांद्याचा व्यास खांबाच्या अडीच पट. वरचा प्लिंथ बीम (जोत्याची काँक्रीटची तुळई) जमिनीला टेकवायचा नाही, खाली सात-आठ सेंटिमीटर पोकळी सोडायची, नाहीतर फुगणारी माती बीमच उचलते. गवंडी ती पोकळी ‘राहून गेली’ समजून मुरूम भरून टाकतो. त्या दिवशी कुणीतरी जागेवर उभं असायला हवं.

आणखी एक हमखास चूक फाउंडेशन बोल्टची. काँक्रीट ओतताना बोल्ट हलतात, चौकट आली की बेस प्लेटची (खांबाच्या तळाच्या पोलादी प्लेटची) भोकं जुळत नाहीत, मग गॅस कटरने भोक मोठं करतात. वरून वॉशर बसला की काही दिसत नाही. ओतण्याआधी लोखंडी टेम्प्लेट बसवून कर्ण मोजून घेतले तर हा प्रश्नच येत नाही. बेस प्लेट फरशीच्या पातळीत ठेवू देऊ नका. हॉल रोज पुसला जाणार, पंगतीनंतर धुतला जाणार. खांबाचा पाय पाण्यात राहिला की गंज तिथूनच चढतो. फरशीच्या वर 15 सेंटिमीटर काँक्रीटचा चौथरा हवा. समुद्राच्या जवळ असाल तर रेड ऑक्साइडच्या रंगावर भागवू नका, गरम जस्तात बुडवलेलं पोलाद मागा.

छप्पर: ऊन, वारा, आवाज, पाणी, सगळं इथेच

पफच्या छपराची उष्णतेची बाजू खरी आहे. 50 मिलिमीटर जाडीच्या फोमचा अडसर उघड्या पत्र्याच्या मानाने दहा पटींहून जास्त चांगला असतो. एप्रिलमध्ये उघडा पत्रा 60 अंशांच्या वर तापतो आणि त्याची धग डोक्यावर जाणवते. पफखाली ती जाणवत नाही. पण जाडी कुठे मोजायची ते ठाऊक हवं. छपराच्या पॅनलला उंचवटे असतात, विक्रेता उंचवट्यासकट मोजतो. जाडी मोजायची ती खोलगट भागात.

मालाची पारख करायला प्रयोगशाळा लागत नाही, किराणा दुकानातला डिजिटल काटा पुरतो. पॅनलचा 10 बाय 10 सेंटिमीटरचा तुकडा कापून मागा. पत्रे सोलून काढा. मधला 5 सेंटिमीटर जाडीचा फोम 20 ग्रॅमच्या आसपास भरला पाहिजे, कारण कागदावर घनता घनमीटरला 40 किलो लिहिलेली असते. 15 ग्रॅम भरला तर फोम पातळ फुगवलाय, दोन-तीन वर्षांत पत्रा सुटून पोकळ वाजायला लागेल. मग पत्रा: अर्धा मिलिमीटर म्हणून दिलेला तेवढाच तुकडा 35 ते 39 ग्रॅम. 30 च्या खाली आला तर तो 0.4 सुद्धा नाही. हा तुकडा कोटेशनला जोडून ठेवा. गाडी आली की नवा तुकडा कापून पुन्हा तोला, कारण नमुना आणि माल एकच असतील असं धरून चालता येत नाही.

आता वारा. भारतीय मानक (आयएस) 875 च्या तिसऱ्या भागात पुण्याला वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर धरलाय, मुंबई आणि नागपूरला 44. 44 मीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे 118 किलो भरतो. पफच्या छपराचं स्वतःचं वजन चौरस मीटरला 10 किलोच्या आसपास. वारा छपरावरून जाताना त्याला वर ओढतो, कडांना सगळ्यात जास्त. व्हरांड्यासाठी छप्पर पुढे काढलं असेल तर खालून रेटतोही. म्हणजे छप्पर टिकतं ते वजनावर नाही, स्क्रूवर. पागोळीच्या आणि आढ्याच्या ओळीत प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू, मधल्या ओळींत एक सोडून एक. घाईत काम करणारी टोळी सगळीकडेच एक सोडून एक मारते. स्क्रूखालचा रबरी वॉशर टोपीच्या बाहेर किंचित डोकावला पाहिजे. अजिबात दिसत नसेल तर सैल आहे, फाटून चिरडला असेल तर ड्रिलने जास्त आवळलाय. दोन्हींतून पाणी येतं, दुसऱ्यातून दोन पावसाळ्यांनंतर.

इथपर्यंत छप्पर पास. नापास होतं ते आवाजात, आणि प्राथमिक शाळेसाठी ही उष्णतेइतकीच मोठी गोष्ट आहे. आपल्याकडे मे महिन्यात शाळा बंद असते. हॉलचा खरा ताप मार्च-एप्रिलचा, आणि तेव्हाही अनेक ठिकाणी सकाळची शाळा. याउलट पावसाचे साडेतीन महिने पूर्ण शाळा असते आणि मैदान चिखलाचं, म्हणून त्याच काळात सगळं हॉलमध्ये. पफचा फोम ताठ असतो, तो थेंबाचा ठोका खालच्या पत्र्याला तसाच देतो. उघड्या पत्र्यापेक्षा बरा, पण सरींत शिक्षकाचा आवाज तिसऱ्या ओळीपुढे जात नाही.

त्यात खोलीचा स्वतःचा घुमारा. हिशेब साधा आहे: खोलीचं घनफळ गुणिले 0.161, भागिले आवाज शोषणारं क्षेत्र. आपल्या हॉलचं घनफळ 486 घनमीटर. फरशी, चार भिंती, छप्पर मिळून 405 चौरस मीटर. सगळं पत्र्याचं नि फरशीचं, म्हणजे शोषण जेमतेम तीन टक्के, 12 चौरस मीटर. उत्तर येतं साडेसहा सेकंद. रिकाम्या, बंद हॉलमध्ये टाळी वाजवली तर ती विरायला एवढा वेळ लागतो. शंभर मुलं बसली की त्यांचे कपडे आणि अंग मिळून शोषणात 28 चौरस मीटरच्या आसपास भर घालतात, घुमारा दोन सेकंदांवर येतो. वर्गखोलीसाठी अमेरिकी मानक या आकाराला 0.7 सेकंद सांगतं. सभागृहाला एक सेकंद चालेल, दोन नाही. दोन सेकंदांच्या घुमाऱ्यात पहिलीच्या मुलाला ‘पाट’ आणि ‘पाठ’ वेगळे ऐकू येत नाहीत. मोठ्यांना संदर्भाने कळतं, नुकतंच वाचायला शिकणाऱ्याकडे तो संदर्भ नसतो. मग शाळा मोठा स्पीकर आणते, आणि गोंधळ आणखी वाढतो.

उपाय महाग नाही. लाकडाच्या कातणाचे आणि सिमेंटचे 25 मिलिमीटरचे तक्ते बाजारात मिळतात. असे 45 चौरस मीटर तक्ते छताखाली, मागे पाच सेंटिमीटर पोकळी ठेवून बसवायचे. शोषणात 25 ची भर पडते, खिडक्या उघड्या असतील तर आणखी 10-11 ची, कारण उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. सगळं मिळून शंभर मुलांसह घुमारा एका सेकंदावर. काही तक्ते भिंतीला लावले तर दोन मीटरच्या वर ठेवा, खाली मुलं खरवडतात. आणि अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवण्याचा घरगुती उपाय कृपया करू नका. त्यांनी आवाज फारसा शोषला जात नाही, आग मात्र झटकन पकडते.

आमची सूचना याच्याही पुढची आहे: छपराला पफ घेऊच नका. त्या पैशात दोन छपरं घ्या. वर साधा अर्ध्या मिलिमीटरचा, चांगल्या लेपाचा पांढरा पत्रा. त्याच्या खाली 30 ते 60 सेंटिमीटर मोकळी हवा. त्याखाली लाकूड-सिमेंटच्या तक्त्यांचं छत आणि तक्त्यांवर 50 मिलिमीटर रॉकवूल (दगड वितळवून केलेल्या तंतूंची गादी). पत्रा तापतो, पण मधली हवा ती धग घेऊन आढ्यातून बाहेर पडते. पावसाचा ठोका पत्र्यावर थांबतो, रॉकवूल आणि जड तक्ता तो खाली येऊ देत नाहीत. ही कल्पना कुणाच्या डोक्यातली हवेतली नाही. पश्चिम आफ्रिकेत बुर्किना फासोतल्या गांदो गावच्या प्राथमिक शाळेत वास्तुरचनाकार फ्रान्सिस केरे यांनी 2001 मध्ये हेच केलं: सिमेंट मिसळलेल्या मातीच्या ठोकळ्यांच्या भिंती, मातीचंच छत, आणि त्यावर बारीक सळ्यांच्या कैच्यांवर उचललेला पत्रा. तिथलं ऊन आपल्या विदर्भाच्या उन्हापेक्षा सौम्य नाही. केरे यांना पुढे वास्तुरचनेतला 2022 चा प्रित्झ्कर पुरस्कार मिळाला. पत्रा वाईट नसतो, डोक्याला टेकलेला पत्रा वाईट असतो.

दोन छपरांची एक कटकट आहे, ती लपवायला नको. मधल्या पोकळीत पारवे, वटवाघळं आणि खारी राहायला येतात. दोन्ही टोकांना 12 मिलिमीटरची गॅल्व्हनाइज्ड जाळी बसवा आणि ती काढता-लावता येईल अशी चौकटीत ठेवा, वर्षातून एकदा आत हात घालावा लागतो.

भिंती: याला एकच गुण का

पफच्या भिंतीला खिळा ठोकता येत नाही. प्राथमिक शाळेच्या भिंतीवर तक्ते, चित्रं, फळा, दोऱ्या, सगळं टांगायचं असतं. स्क्रू मारला तर अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्यात तो महिनाभरात ढिला होतो आणि भोकातून ओल फोममध्ये जाते. चेंडू लागला की खळगा पडतो, तो निघत नाही. खालची कड कापलेली उघडी राहिली तर उंदीर फोम कोरून आत घर करतात.

खरं कारण मात्र आग. पॉलियुरेथेन फोम पेटतो, आणि जळताना कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइड सोडतो. हॉलला लागून स्वयंपाकघर, तिथे गॅस किंवा चूल, असा नकाशा आम्हाला वारंवार दिसतो, कारण पंगत जवळ पडते. तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत 16 जुलै 2004 रोजी स्वयंपाकघरातली आग झापांच्या छपराला लागली आणि 94 मुलं गेली. छप्पर झापाचं होतं, फोमचं नाही, पण धडा मांडणीचा आहे. स्वयंपाकघर वेगळ्या इमारतीत, मधे मोकळी जागा, जोडायचंच तर न पेटणाऱ्या छपराची उघडी पडवी. हॉलला दोन दारं, विरुद्ध बाजूंना, दोन्ही बाहेर उघडणारी. कोटेशनमध्ये एकच सरकतं शटर असतं. ते नकोच. काही कारणाने पॅनलच घ्यावे लागले तर रॉकवूल भरलेले घ्या. उष्णतेला पफच्या निम्मे, पण पेटत नाहीत.

भिंती गावच्या मालाच्या बांधा. कोकणात जांभ्याचा चिरा, देशावर फ्लाय अ‍ॅश (कोळशाच्या राखेची) वीट. विटेची 23 सेंटिमीटरची भिंत उन्हाची झळ आत पोचवायला सहा-सात तास घेते. दुपारी बाराचं ऊन आत येईपर्यंत शाळा सुटलेली असते. रात्री खिडक्यांतून भिंत थंड होते. खर्च वाचवायचा तर रॅट-ट्रॅप बाँड, जो वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी केरळात लोकप्रिय केला. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावायच्या, मधे पोकळी राहते. 230 बाय 110 बाय 75 ची वीट धरली तर नेहमीच्या भिंतीला चौरस मीटरला 98 विटा, रॅट-ट्रॅपला 77. दर 100 चौरस मीटर भिंतीमागे दोन हजारांहून जास्त विटा वाचतात, आणि पोकळीमुळे ऊनही कमी. मात्र कोपरे, खिडकीची उंबरठ्याची ओळ आणि प्लिंथलगतची ओळ भरीवच हवी, आणि वायरिंगच्या पाइपांची जागा आधी ठरलेली हवी. भिंत झाल्यावर मशीनने चर मारला की पोकळी फुटते.

दाबलेल्या मातीच्या ठोकळ्यांबद्दल हल्ली बरंच विचारतात. वस्तू चांगली आहे, आयएस 1725 हे तिचं मानकही आहे. पण माती योग्य हवी: साधारण निम्मी वाळू, पाचवा हिस्सा चिकणमाती, बाकी बारीक खडे आणि गाळ. काळी माती सिमेंटने सुधारत नाही. एका बरणीत माती आणि पाणी घालून हलवा, रात्रभर ठेवा, थर मोजा. निम्म्याहून जास्त वरचा बारीक थर आला तर विचार सोडून द्या. आणि ठोकळे 28 दिवस ओले ठेवायची तयारी नसेल तरीही सोडून द्या. पहिल्या पावसात कडा झडतात त्या याच कारणाने.

वीटकाम पोलादी खांबाला भिडतं तिथे उभी भेग पडते, कारण दोघांची हालचाल वेगळी. खांबाला दर 60 सेंटिमीटरवर 8 मिलिमीटरच्या सळीचे तुकडे वेल्ड करून सांध्यात घ्या, आणि लिंटेलच्या (दार-खिडकीवरच्या तुळईच्या) पातळीवर सलग काँक्रीटची पट्टी फिरवा. ती पट्टी ‘उगाच खर्च’ म्हणून वगळली जाते. किल्लारीच्या 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर मराठवाड्यात तरी ती कुणी वगळू नये.

खिडक्या

कोटेशनमध्ये चार सरकत्या अ‍ॅल्युमिनियम खिडक्या, प्रत्येकी 1.2 बाय 1.2 मीटर. सरकती खिडकी अर्धीच उघडते. चारही उघडल्या तर मिळून 2.9 चौरस मीटर, म्हणजे जमिनीच्या सदतिसाव्या हिश्शाएवढी. राष्ट्रीय इमारत संहिता उष्ण-कोरड्या हवेत दहावा हिस्सा सांगते, उष्ण-दमट हवेत सहावा. म्हणजे देशावर निदान 10.8 चौरस मीटर, कोकणात 18. पफ असो वा विटा, बसलेली शंभर मुलं स्वतःच सहा-सात किलोवॉट उष्णता सोडतात. ती बाहेर गेली नाही तर पफची खोली थर्मासासारखी वागते: बाहेरचं ऊन आत येत नाही, आतली धग बाहेर जात नाही.

उंचीही महत्त्वाची. मुलं जमिनीवर बसणार असतील तर खिडकीची खालची कड फरशीपासून 40 सेंटिमीटर. सरधोपट 90 वर ठेवली की वारा डोक्यांवरून निघून जातो आणि उभ्या शिक्षकालाच तेवढा लागतो. पश्चिमेच्या भिंतीला खिडकी नको, तिथे मंच आणि भांडार टाका. लांब बाजू उत्तर-दक्षिण तोंडाच्या ठेवा. दक्षिणेला साठ-सत्तर सेंटिमीटरचा छज्जा बहुतेक शालेय महिने ऊन अडवतो. छतावरचे गरगर फिरणारे टर्बो व्हेंटिलेटर दोन मोफत देतो असं सांगतात. नको म्हणा. एवढ्या उंचीच्या हॉलमध्ये त्यांनी हवा फारशी हलत नाही, पण बुडाशी गळती नक्की. आढ्याला सलग झाकलेली फट ठेवली तर ती बिनाखर्चाची आणि न बिघडणारी.

पाणी आणि सौर

छप्पर पागोळीसह 14 बाय 11, म्हणजे 154 चौरस मीटर. 700 मिलिमीटर पाऊस आणि 15 टक्के नासाडी धरली तर वर्षाला 91 हजार लिटर. एवढं साठवायची टाकी बांधू नका. 10 हजार लिटरची टाकी शंभर मुलांच्या हात-भांडी धुण्याला आणि स्वच्छतागृहाला रोजी 500 लिटर दराने वीस दिवस पुरते. पावसाळ्यात ती पुन्हा पुन्हा भरते. बाकीचं पाणी विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या पुनर्भरणाला द्या, पण काळ्या मातीत शोषखड्डा पायापासून लांब, सहा मीटर तरी. पहिल्या पावसाचं पाणी, दीड-दोनशे लिटर, वेगळ्या पाइपात साठून बाहेर जाईल अशी सोय हवी. त्या पाइपाचं बूच शाळा सुरू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात कोण उघडणार, हे नाव भिंतीवर लिहून ठेवा.

पन्हळीला विक्रेता एका बाजूला एकच 75 मिलिमीटरचा पाइप देतो. तासाला 50 मिलिमीटरच्या सरीत तो चाळीस-एक चौरस मीटर छप्पर ओढतो. आपली एक बाजू 77 ची. म्हणजे पन्हळ भरून भिंतीवरून पाणी वाहणार आणि दोष वीटकामाला. दर बाजूला 100 मिलिमीटरचे दोन पाइप मागा: एक पुरतो, दुसरा पहिल्यात पिंपळाची पानं अडकतील तेव्हासाठी.

सौर पॅनलच्या बाबतीत शाळेला गरज नसलेली क्षमता विकली जाते. सहा बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे, प्रत्येकी 30 वॉट, दहा एलईडी नळ्या, प्रोजेक्टर, ध्वनियंत्रणा, सगळं एकदम चालवलं तरी एक किलोवॉटच्या आत. रोजचा वापर तीन-चार युनिट. एक किलोवॉट पॅनल आपल्याकडे दिवसाला सरासरी चार युनिट देतात. दोन किलोवॉट भरपूर झाले, पाच आणि दहा कशाला? शिवाय ग्रीडला जोडलेला साधा इन्व्हर्टर वीज गेली की बंद पडतो, सुरक्षेसाठी तो तसाच बनवलेला असतो. भारनियमनात पंखे चालावेत म्हणून घेतला आणि भारनियमनातच बंद, ही तक्रार त्यामुळे. हवा तर बॅटरीसह हायब्रिड घ्या. आणि पॅनल बसवणाऱ्याला छपराला भोकं पाडू देऊ नका, उंचवट्याला पकडणारे क्लॅम्प वापरा. नाहीतर गळती झाल्यावर छपरवाला आणि सौरवाला एकमेकांकडे बोट दाखवतात.

‘बहुउद्देशीय’ म्हणजे काय, हे विक्रेत्याला माहीत नसतं

तो दुमडती पार्टिशन विकतो. घेऊ नका. त्यातून आवाज आरपार जातो आणि दोन वर्षांत चाकं रुळावरून उतरतात. हॉल अनेक कामांना उपयोगी पडतो तो भांडारामुळे. जमिनीच्या दहाव्या हिश्शाएवढं, 10-11 चौरस मीटर भांडार नसेल तर सतरंज्या, ताटं, लेझीम, ढोल, जुनी बाकं हॉलच्या कोपऱ्यात साचतात आणि दोन वर्षांत हॉलच भांडार होतो. मंच 45 सेंटिमीटर उंच, खाली पोकळ, पुढून दारं: सतरंज्या तिथे.

निवडणुकीत हॉल मतदान केंद्र होणार, लसीकरण, ग्रामसभा, पुराच्या वेळी निवारा होणार. म्हणून उताराची वाट हवीच. 45 सेंटिमीटरच्या जोत्याला 1:12 च्या उताराने 5.4 मीटर लांबी लागते. कोटेशनमध्ये दीड मीटरचा घसरगुंडीवजा रॅम्प असतो, त्यावरून चाकाची खुर्ची एकट्याने चढत नाही. स्वच्छतागृह बाहेरून, शाळा न उघडता वापरता आलं पाहिजे. हात धुण्याचे नळ पहिलीच्या मुलांसाठी 60 सेंटिमीटरवर. ताटं धुतलेलं पाणी खडी भरलेल्या तेलसापळ्यातून परसबागेत. खडी महिन्याला काढून धुवावी लागते, नाहीतर वास येतो आणि मग बागच बंद पडते.

फरशी शहाबादी. स्वस्त, जवळची, पाय घसरत नाही. हळदीचे डाग पडतात, पडू देत. चकचकीत व्हिट्रिफाइडवर ओल्या पायांनी पंगतीला येणारी मुलं आपटतात.

पोलादी सांगाड्याला दोन वेगळे अर्थिंग खड्डे आणि वीजरोधक मागा. मोकळ्या माळावर सगळ्यात उंच लोखंड तेच असतं.

शेवटी पैशाची रचना. करारात सांगाडा, छप्पर, वीटकाम आणि वीज यांचे दर वेगळे लिहून घ्या, म्हणजे पफच्या भिंती वगळता येतात. पूर्ण रकमेपैकी 10 टक्के काम झाल्यावर नाही, पहिल्या पावसाळ्यानंतर, सप्टेंबरअखेर द्यायचे असं ठरवा. जुलैतल्या एखाद्या मोठ्या सरीत हॉलमध्ये जा, दिवे बंद करा आणि छताकडे पाहा. जिथून उजेडाचा ठिपका दिसेल तिथला स्क्रू खडूने नोंदवा.